देवरे सरांना न कळलेला धडा

देवरे सरांनी माझी छत्री मोडली, तेव्हा आमची ओळख झाली. मोडली म्हणजे तोडली नाही, उकलली. जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागून मला जेमतेम चार दिवस झाले होते. मामाने मुंबईहून बटणाची छत्री आणून दिली होती, दाबलं की फाडकन उघडणारी. तास घेऊन स्टाफरूममध्ये आले तर माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर काड्या, दांडा, स्प्रिंग असं सगळं ओळीने मांडलेलं, आणि एक उंच, किडकिडीत गृहस्थ खुर्चीवर उकिडवा बसून त्या पसाऱ्याकडे बघत होता.

"तुमची का?" त्यांनी विचारलं.

"माझीच. आणि नवी होती."

"दाबल्यावर उघडते कशी ते कळलं होतं. मिटल्यावर मिटलेली का राहते ते कळलं नव्हतं," ते म्हणाले, आणि दहा मिनिटांत छत्री होती तशी करून माझ्या हातात दिली. माफी वगैरे काही नाही. मी फैजपूरची, तोंडाची तिखट. चांगलं सुनावणार होते, पण ते गृहस्थ इतके खूश दिसत होते की माझे शब्द तोंडातच राहिले.

"कळलं नाही" हे दोन शब्द त्यांच्या तोंडी सतत असत. आम्ही बाकीचे प्राध्यापक ते दोन शब्द मरेपर्यंत उच्चारणार नाही अशी शपथ घेतल्यासारखे वागायचो. वर्गात अवघड प्रश्न आला की "तो तुमच्या अभ्यासक्रमात नाही" म्हणायचं, खडू झटकायचा आणि पुढे जायचं, ही आमची रीत. देवरे सर मात्र वर्गात सरळ सांगत, "हे मला कळलेलं नाही," आणि सांगताना त्यांचा चेहरा असा की जणू कुणी त्यांच्यापुढे भरीत-पुरीचं ताट ठेवलंय.

घर त्यांचं धुळ्याला. आई, दोन भाऊ, दोन वहिन्या, बायको, एक लहान मुलगी. जळगावला एका खोलीत राहायचे आणि दर शनिवारी एसटीने धुळ्याला जायचे. एकदा मीही त्याच गाडीत होते. कंडक्टर तिकिटाला पंच मारत होता, आणि सर त्याला विचारत होते, की हे भोक इथे का मारलं आणि तिथे का नाही. कंडक्टर वैतागला. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बघा, या माणसाने कागदाला भोक पाडून सांगून ठेवलं की मला कुठे उतरायचंय. आता तो विसरला तरी चालेल. मुंबईच्या त्या यंत्रात हेच आहे."

मुंबईचं यंत्र म्हणजे कॉम्प्युटर. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका प्रशिक्षणासाठी सर तिथे गेले होते, आणि आमच्या अख्ख्या कॉलेजात कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला तो एकच माणूस. पाहिला म्हणजे काचेतून. आत कपाटांएवढी यंत्रं, थंडगार खोली. भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे एका बाजूने आत जात आणि दुसऱ्या बाजूने पगारपत्रकं छापून बाहेर येत. मधे काय होतं, हे कुणी सांगेना. एका कपाटाचं दार क्षणभर उघडलं होतं तेव्हा त्यांना आत मोहरीएवढ्या काळ्या कड्या बारीक तारांत ओवलेल्या दिसल्या. ती त्या यंत्राची मोठी स्मृती. एकेका कडीत एकच गोष्ट राहते, हो किंवा नाही. सर सांगायचे, "बाई, हजारो कड्या. आणि एकीलाही स्वतःपुरतं हो की नाही यापलीकडे काही ठाऊक नाही. मग पगारपत्रकं कोण करतं?"

हे सगळं चाललेलं असतानाच विद्यापीठाने शेवटच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटरवर एक धडा घातला. वीस पानांचा. साहजिकच तो देवरे सरांकडे आला. त्या वेळी आम्ही दोघंही तात्पुरते होतो, आणि विभागात कायम जागा एकच होती. ती सरांचीच हे सगळ्यांनी धरलेलं होतं. ते माझ्याआधी दोन वर्षं आलेले, आणि शिकवायचे असे की रसायनवाली मुलंसुद्धा मागे येऊन बसत. मार्चमध्ये संस्थेच्या मंडळाच्या बैठकीत ठरावाला शिक्का बसला, की धुळ्याचं बिऱ्हाड जळगावला आणायचं. खोलीमालकाशी दोन खोल्यांचं बोलणंही त्यांनी करून ठेवलं होतं. मुलीला पहिलीत जळगावलाच घालायचं होतं.

आणि जानेवारीत सरांनी तो धडा थांबवला.

एक आणि शून्य, त्यांवर चालणारी बेरीज, इथपर्यंत शिकवून झालं. मग स्मृती आली. मोठी स्मृती कड्यांची असते. पण हिशेब करणारा जो भाग, ज्याला आता पोरंटोरंही प्रोसेसर म्हणतात, त्याला हिशेब चालू असताना एखादा आकडा हातात धरून ठेवावा लागतो. तो धरतात दोन ट्रान्झिस्टर मिळून. पुस्तकात आकृती होती, खाली चार ओळी होत्या. मला विचाराल तर पुरेसं होतं. सरांनी आकृती फळ्यावर काढली, तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि वर्गाला म्हणाले, "वीज तर सारखी वाहतेय. वाहती गोष्ट आकडा धरून कशी ठेवते, ते मला कळलेलं नाही. कळेपर्यंत पुढे जाणार नाही."

पहिला आठवडा मुलांना मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात पालकांचं पत्र आलं. तिसऱ्या आठवड्यात प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"देवरे, धडा कळायची काय गरज आहे? शिकवायचाय," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त परीक्षेचं वेळापत्रक त्याच्या छातीवर बसलेलं असायचं.

"सर, मला जे करून दाखवता येत नाही ते मी कसं सांगू?"

"आठ दिवस देतो. नाहीतर धडा चौधरी बाई घेतील. आणि मार्चच्या बैठकीत मला अहवाल द्यायचाय, एवढं ध्यानात ठेवा."

चौधरी बाई म्हणजे मी. मी खाली बघत बसले. बाहेर आल्यावर मी त्यांना झापलंच. म्हटलं, "सर, दोन पानं वाचून दाखवा आणि मोकळे व्हा. नंतर हवं तितकं समजून घ्या. घर आणायचंय ना?" ते म्हणाले, "आणायचंय हो," आणि खरंच काळजीत पडलेले दिसले. पण दुसऱ्या दिवशीही पुढे गेले नाहीत.

त्या रविवारी त्यांना ते कळलं, आणि कुठे, तर धुळ्याच्या घरात. त्यांच्या दोन्ही वहिन्यांचं महिनाभर बोलणं बंद होतं. कारण विचारू नका, लोणच्याच्या बरणीवरून होतं म्हणतात. सर ओट्यावर आकृती घेऊन बसले होते. थोरली बाहेर गहू निवडत होती. त्यांनी सहज विचारलं, वहिनी, आत का नाही बसत? ती म्हणाली, "ती मझार शे म्हनीसन मी आठे शे." ती आत आहे, म्हणून मी इथे. सर पाणी प्यायला आत गेले, तर धाकटी चुलीपाशी घामाघूम. तिला विचारलं, बाहेर वाऱ्यावर का नाही बसत? ती म्हणाली, "ती बाहेर शे म्हनीसन मी मझार शे."

सर पाणी न पिताच परत ओट्यावर आले. थोड्या वेळाने सासूने, म्हणजे सरांच्या आईने, कशाला तरी धाकटीला बाहेर हाक मारली. धाकटी बाहेर आली, तशी थोरली सूप उचलून आत गेली. सासूचं काम झालं, पण आता थोरली आत होती, म्हणून धाकटी बाहेरच राहिली. संध्याकाळपर्यंत तशीच.

सोमवारी सकाळची पहिली गाडी पकडून, तोंडही न धुता, हा माणूस थेट स्टाफरूममध्ये आला. मला एका खुर्चीपाशी उभं केलं, आणि शिपाई भिकाभाऊ चहा घेऊन आला होता त्याला समोरच्या. "नियम एकच. समोरचा उभा असेल तर बसायचं, समोरचा बसलेला असेल तर उभं राहायचं. बास." मी उभी होते, भिकाभाऊ बसला. मी उभीच राहिले. तोही बसूनच राहिला. मग सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. मी बसलेली दिसताच भिकाभाऊ उठला. सरांनी हात काढून घेतला, तरी मी आपली बसलेलीच, कारण भिकाभाऊ उभा.

"बघितलंत? मी धक्का दिला आणि निघून गेलो. पण धक्का दिला होता हे तुम्ही दोघांनी धरून ठेवलंय. तुम्ही त्याच्यामुळे, तो तुमच्यामुळे. दोघांपैकी एकालाही काही लक्षात ठेवावं लागत नाही. आणि वीज गेली, म्हणजे तुम्ही दोघं घरी गेलात, की संपलं."

मला तेव्हा ते पोरखेळासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण भिकाभाऊ गंभीरपणे म्हणाला, "मंग चहा कोन देई?" आणि जाऊन चहा देऊन परत आपल्या खुर्चीत येऊन बसला, कारण मी तेवढ्यात उभी राहिले होते.

आता सरांना थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी प्राचार्यांना कळवलं की शनिवारी कॉलेजच्या पटांगणात माणसांचा कॉम्प्युटर चालवून दाखवतो, पाच आणि तीनची बेरीज करून. प्राचार्यांना बरंच वाटलं असावं, कारण त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे शेठजींनाही बोलावलं. शेठजींचे पूर्वज मारवाडातून आलेले, कापडाची पेढी, स्वतः चौथी शिकलेले, पण त्यांच्यासमोर भलेभले प्राध्यापक जपून बोलत.

तालमी सुरू झाल्या. बेरजेला चार मुलं ओळीत. प्रत्येकाच्या हातात दोन चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक किंवा शून्य. शिवाय उजवीकडच्याने हातचा दिला तर खांद्यावर थाप. आपल्याकडे एकूण किती एक जमले ते मोजायचं. एक किंवा तीन असतील तर हात वर. दोन किंवा तीन असतील तर डावीकडच्याच्या खांद्यावर थाप. एवढंच.

आणि एवढंच आमच्या मुलांना जमेना. अहो, ही व्यापाऱ्यांची पोरं, पावकी-निमकी-दिडकी पाळण्यात पाठ झालेली. डावीकडे टोकाला सुभाष नावाचा मुलगा होता, जैनांचा, हुशार. चिठ्ठ्या वाटून होतायत तोच याचा हात वर. थाप पोचायच्या आधीच.

"सुभाष, हात का वर केलास?"

"सर, उत्तर आठ येतंय ना."

"तुला उत्तर माहीत आहे, हाच तुझा दोष आहे," सर कळवळून म्हणाले. "बेटा, तुला काही माहीत असता कामा नये. तुझ्या खांद्यापलीकडे जग नाही."

सुभाषने शपथेवर सांगितलं की आता विचार करणार नाही, पण त्याला ते साधेना. मन घालायचं नाही म्हटलं की ते जास्तच बेरीज करी. शेवटी सरांनी विज्ञानाची सगळी मुलं काढून टाकली आणि मराठी साहित्याच्या वर्गातून चार जण आणले. त्यांना कशाची बेरीज चालली आहे हे सांगितलंच नाही. त्यांनी पहिल्या फटक्यात बिनचूक केली. मराठीच्या प्राध्यापकांना हा अपमान वाटला की सन्मान, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

पुढची अडचण वेगळीच. प्रत्येक जण आपापल्या वेगाने. एकाचा हात वर जाईपर्यंत दुसऱ्याची थाप बसून गेलेली, मग पहिला हात खाली, पुन्हा वर. उत्तर नक्की कधी वाचायचं ते कळेना. सर डोकं धरून पायरीवर बसले. तेव्हा भिकाभाऊ म्हणाला, "सर, ह्या बठ्ठा आपला मनवर उठतस, म्हनीसन घोय व्हस. मी टोला देस ना. टोला पडना का मंगच हालानं." सगळे आपल्या मनाने उठतात म्हणून गोंधळ होतो; मी टोला देतो, टोला पडल्यावरच हलायचं.

सर त्याच्याकडे बघतच राहिले. पुस्तकात हे होतं, घड्याळाचा ठोका म्हणून होतं, पण ते कशासाठी असतं हे आम्हाला त्या क्षणी कळलं. भिकाभाऊने जाऊन कॉलेजच्या घंटेवर टोला दिला. पहिल्या टोल्याला पहिला मुलगा हलला. दुसऱ्या टोल्याला दुसरा. चौथ्या टोल्यापर्यंत रसायनशास्त्राचा वर्ग तास संपला समजून बाहेर पडला होता आणि वनस्पतिशास्त्राची मुलं सायकली काढत होती. प्राचार्य धावत आले. त्यानंतर घंटेऐवजी कॅन्टीनची थाळी आणि पाना वापरायचं ठरलं.

शनिवारी पटांगण भरून गेलं. शेठजी खुर्चीत, शेजारी प्राचार्य. उत्तर धरून ठेवायला खुर्च्यांवर चार जोड्या, त्यांच्यापुढे मराठीची चार मुलं, बाजूला थाळी घेऊन भिकाभाऊ. मधे देवरे सर, इस्त्रीच्या शर्टात. ते म्हणाले, "उचला पाच." चिठ्ठ्या गेल्या. "उचला तीन." पुन्हा चिठ्ठ्या. "मिळवा." भिकाभाऊने थाळीवर टोले द्यायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप, आणि चौथ्या टोल्याला टोकाच्या मुलाचा हात वर गेला. "ठेवा." जोड्या उठल्या, बसल्या आणि स्थिर झाल्या. शून्य, शून्य, शून्य, आणि डावीकडे एक. आठ.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मनापासून. प्राचार्य शेठजींकडे वळून हसले. मला वाटलं, झालं, सर कायम झाले. मला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही.

शेठजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते विचार करत होते. म्हणाले, "सर, फार छान. एक विचारू? ही मुलं काही जाणत नाहीत, ते समजलं. भिका टोला देतो, तेही समजलं. पण 'उचला', 'मिळवा', 'ठेवा' हे तुम्ही सांगत होतात. यंत्रात तुमच्या जागी कोण असतं?"

सरांचा चेहरा मी जवळून पाहत होते. तोच चेहरा, ताट पुढे आल्याचा.

"शेठजी, हाच प्रश्न आहे," ते म्हणाले. "पुस्तकात एक वाक्य आहे, पाठ आहे मला. पण ते मला कळलेलं नाही."

"म्हणजे धडा अजून पुरा नाही?" प्राचार्यांनी दबक्या आवाजात विचारलं. त्यांचा आवाज विनवणीचा होता. सरांनी फक्त 'पुरा झाला' म्हणायचं होतं.

"नाही, सर. अजून थोडे दिवस लागतील."

मी तिथे बोलू शकले असते. आठ दिवस द्या, पुढचे माझे तास मी त्यांना देते, असं म्हणू शकले असते. शेठजींनी ऐकलंही असतं. पण मीही तात्पुरतीच होते आणि जागा एकच होती. मी गप्प बसले. याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी धडा माझ्याकडे आला. उरलेली अकरा पानं मी दोन तासांत लिहून दिली. मार्चमध्ये प्राचार्यांनी अहवालात लिहिलं की श्री. देवरे यांनी नेमून दिलेला अभ्यासक्रम पूर्ण केला नाही, आणि ते अक्षरशः खरं होतं. मी कायम झाले. सरांनी येऊन माझं अभिनंदन केलं, पेढा मागून घेतला, आणि एप्रिलमध्ये खोली रिकामी करून गेले. दोंडाईच्याला हायस्कुलात विज्ञान शिकवतात असं नंतर कानावर आलं.

सहा वर्षांनी नंदुरबारला परीक्षक म्हणून निघाले होते. दुपारची पॅसेंजर, दोंडाईच्याला दुसऱ्या गाडीसाठी थांबवून ठेवलेली. प्लॅटफॉर्मवर सर दिसले. केस पांढरे, हातात शाळेसाठी आलेलं काचेच्या सामानाचं खोकं. मी हाक मारली. ते खिडकीशी आले. कशा आहात नाही, काही नाही. खोकं खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, कळलं."

मला लगेच समजलं कशाबद्दल बोलतायत.

"आठवीच्या मुलांना घेऊन केलं. पत्र्याचे डबे ओळीने मांडले. काही डब्यांत हुकूम लिहिलेल्या चिठ्ठ्या, काहींत आकडे. हुकुमांनाही मी आकडेच दिले होते, सोयीसाठी. उचल म्हणजे चार, मिळव म्हणजे पाच. एक पोरगी नुसतं बोट धरून उभी, टोला पडला की बोट पुढच्या डब्यावर. ती एकदा चुकून एक डबा जास्त पुढे गेली. तिथे आकडा होता पाच, बेरजेतला. तिने तो हुकूम म्हणून वाचला, मिळव. आणि सगळी पोरं मिळवत सुटली. मी रागवायला उठलो आणि तसाच खाली बसलो." ते हसायला लागले. "बाई, तिथे कुणीच नसतं. हुकूम आणि आकडा एकाच जातीचे, एकाच ओळीत बसलेले. यंत्राला फरक कळतच नाही. बोट ज्याच्यावर येईल तो हुकूम. माझ्या जागी एक बोट असतं, तेवढंच."

समोरची गाडी निघून गेली, आमच्या गाडीने शिट्टी दिली.

"शेठजींना सांगा, उत्तराला उशीर झाला," ते म्हणाले. मग खिडकीचा गज धरून त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का हे?"

"नाही, सर," मी म्हणाले.

गाडी हलली. ते खोकं उचलून, काच फुटू नये म्हणून जपून पावलं टाकत फाटकाकडे गेले. मी पिशवीतून माझी नोट्सची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. इंग्रजीत एक ओळ होती, पुस्तकातलीच, माझ्या अक्षरात, की आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत, एकाच रूपात साठवले जातात. सहा वर्षं मी ती वर्गात सांगत होते, सावकाश, दोनदा, म्हणजे मुलांना नीट लिहून घेता यावी.